कानांनी वाचलेली पुस्तके

पुस्तक 'वाचले' असे म्हणावे की 'ऐकले' असे म्हणावे, हा प्रश्न गेल्या वर्षभरात आमच्या घरी अनेकदा उपस्थित झाला आणि त्याचा निकाल अद्याप लागलेला नाही. प्रश्न उद्भवला तो आमच्या आत्यांमुळे. त्यांचे वय आज सत्त्याऐंशी. उभा जन्म लष्करात गेला आणि त्या जन्मातील दुपारी पुस्तकांत गेल्या. दोन वर्षांपूर्वी दृष्टी इतकी अधू झाली की ठळक अक्षरांतील पोथीही दिसेनाशी झाली. बंगळुरास शिकणारी आमची नात दिवाळीच्या सुट्टीत आली, तिने आपल्या जुन्या भ्रमणध्वनीवर काही मराठी ध्वनिपुस्तके घालून दिली आणि आत्यांच्या उशाशी ठेवली. आम्ही स्वतः या प्रकाराकडे काहीशा तुच्छतेने पाहत होतो, हे प्रांजळपणे कबूल करतो. परंतु सोबतीला म्हणून बसलो आणि बसता बसता ऐकू लागलो. वर्षभरात चार पुस्तके अशी कानांनी पुरी केली आणि पाचवे घरातच मोठ्याने वाचून संपविले. त्या पाचांविषयी मनात जे उमटले ते येथे मांडतो. यात शास्त्र नाही. एका जुन्या वाचकाच्या आणि त्याहून जुन्या श्रोत्रीच्या प्रतिक्रिया आहेत, इतकेच.

आरंभी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पुस्तक ऐकणे ही आपल्या घरांतून नवी रीत नव्हे. चातुर्मासात 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' लावला जाई तेव्हा वाचणारा एक असे आणि ऐकणारे घरभर असत. वाती वळता वळता, गहू निवडता निवडता श्रीधरस्वामींच्या ओव्या कानांवरून जात आणि तशाच मुक्कामाला राहत. तानसेन समारोहाचा आरंभ हरिकथा व मीलाद यांनी करण्याची परंपरा ज्या शहरात आहे, तेथील माणसांना कथाश्रवणाचे महत्त्व निराळे सांगावयास नको. मुकाट्याने, एकट्याने, कोपऱ्यात बसून वाचणे हीच खरे तर अलीकडची सवय. तेव्हा ध्वनिपुस्तकाकडे परके म्हणून पाहण्याचे कारण नव्हते. मात्र पोथी वाचणारा माणूस आपल्या घरचा असे आणि यंत्रातील आवाज कोणाचा, हे आपल्याला ठाऊक नसते. हा भेद किती मोठा, ते पुढे ध्यानात आले.

पहिले पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र आम्ही तरुणपणी वाचले होते आणि एक श्रेष्ठ ग्रंथ म्हणून त्याला नमस्कार करून बाजूस ठेवले होते. या वेळी ऐकताना तो ग्रंथ राहिला नाही. समोर बसून बोलणारी एक बाई झाली. लक्ष्मीबाईंचे शालेय शिक्षण जवळजवळ नव्हतेच. त्यामुळे त्यांची वाक्ये लेखणीच्या वळणाने जात नाहीत, बोलण्याच्या वळणाने जातात: छोटी, तुटक, आणि शेवटी अनपेक्षित चिमटा घेणारी. डोळ्यांनी वाचताना हा चिमटा कित्येकदा निसटतो. कानांना तो अचूक लागतो. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याच्या कथा ऐकताना आत्या इतक्या हसल्या की यंत्र थांबवावे लागले. 'असे एक सोवळे आमच्याही घरी होते,' म्हणाल्या, आणि मग कोणाचे ते सांगण्यात अर्धा तास गेला.

त्या सोवळ्याच्या मुळाशी मात्र हसण्यासारखे काही नाही. आजोबांना सत्तावनच्या बंडात झालेली फाशी आणि त्या घटनेने घरावर धरलेली छाया, येथून हे पुस्तक सुरू होते. विनोद आणि भय एकाच वाक्यात नांदविण्याचे लक्ष्मीबाईंचे सामर्थ्य आम्हांस पूर्वी पुरते जाणवले नव्हते. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरची प्रकरणे तर कोणत्याही मराठी घरास आजही सहजपणे ऐकवणार नाहीत. नवऱ्यावरचे प्रेम, समाजाचा धाक आणि स्वतःची बुद्धी या तिहींच्या ओढाताणीत सापडलेली ही बाई कोठेही स्वतःची कीव करीत नाही. 'स्मृतिचित्रे' हे मुळात ऐकण्याचेच पुस्तक आहे, असे आमचे मत आता पक्के झाले आहे.

दुसरे पुस्तक 'श्यामची आई'. याची तर घडणच श्रवणाची. आश्रमातील मित्रांना श्याम रोज रात्री आपल्या आईची एकेक आठवण सांगतो. बेचाळीस रात्री, बेचाळीस कथा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत हे लिहून काढले, ते बोलल्यासारखे वाटते यात नवल नाही. म्हणून आम्ही अपेक्षेने बसलो आणि येथेच निराश झालो. दोष पुस्तकाचा नव्हता, वाचणाऱ्याचा होता. प्रसंग करुण आला की त्यांचा कंठ आधीच दाटून येई, पार्श्वभूमीला बासरी वाजू लागे, आणि शब्द आपल्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच ओले झालेले असत. चौथ्या-पाचव्या रात्रीनंतर आत्या म्हणाल्या, 'सांगणाऱ्यानेच रडून घेतले, तर आम्ही काय करायचे?'

या एका वाक्यात श्राव्य पुस्तकांची निम्मी समीक्षा आली, असे आम्हांस वाटते. छापील अक्षर भावना दाखवीत नाही. ती वाचकाच्या ठायी उत्पन्न होण्यास जागा सोडते. वाचक-नट ती जागा स्वतःच व्यापून बसला की श्रोत्याला काम उरत नाही. आपल्या पोथीवाचकांना हे उपजत कळत असे. ते एका लयीत, जवळजवळ कोरडेपणाने वाचीत, आणि ऐकणारे डोळे पुशीत. ध्वनिपुस्तके करणाऱ्यांनी नाट्यशाळेपेक्षा देवघराकडून अधिक शिकावे, अशी आमची नम्र सूचना आहे.

तिसरे, पु. ल. देशपांडे यांच्या स्वतःच्या आवाजातील 'व्यक्ती आणि वल्ली'मधील कथने. हे नव्याने ऐकले असे म्हणवत नाही, कारण ध्वनिफितींच्या काळापासून ती आपल्या घराघरांत आहेत आणि पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की येताना एखादी फीत घेऊन येई. या वेळी मात्र एक प्रयोग केला. आधी 'अंतू बर्वा' पुस्तकातून वाचला आणि मग ऐकला. वाचताना लक्षात आले की आम्ही तो वाचतच नव्हतो, मनात पु. लं.चाच आवाज चालू होता, आणि जेथे ते थांबतात तेथेच आमचे डोळे थांबत होते. लेखकाचा स्वतःचा आवाज इतका प्रभावी असला की पुस्तकाला दुसरे वाचनच उरत नाही. हा लाभ म्हणावा की हानी, हे आम्हांस ठरविता येत नाही.

पण एक लाभ निर्विवाद आहे. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज कोकणातून निघाले आणि परत गेले नाहीत. रत्नागिरीची ती सानुनासिक, तिरकस, दारिद्र्यातही ताठ बोली आमच्या आजोबांच्या तोंडी कदाचित असेल. आमच्या कानांवर ती प्रथम पडली ती या फितीतूनच. त्या हास्याच्या तळाशी अंतूशेठचे एकाकीपण आहे. मुलगा दूर मुंबईत, आपण मागे राहिलेले. आज मुले पुण्या-बंगळुरास आणि परदेशी गेलेल्या लष्करातील घरांमध्ये ते पूर्वीपेक्षा अधिक ओळखीचे वाटते.

चौथे पुस्तक विश्वास पाटलांची 'पानिपत' ही १९८८ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी. संक्रांतीच्या सुमारास, धुक्याच्या दिवसांत ती ऐकण्यास घेतली, आणि आरंभी वैतागलो. माणसे फार, गावे फार, तह आणि कारस्थाने फार. छापील पुस्तकात चार पाने मागे जाऊन 'हा कोणत्या नजीबखानाचा वकील' हे पाहता येते, नकाशा पुढे ठेवता येतो. ऐकताना निसटले ते निसटले. गुंतागुंतीचे राजकारण कानांस झेपत नाही, हा निष्कर्ष आम्ही काढून ठेवला होता. परंतु कथा पानिपतच्या तळावर आली आणि तो बदलावा लागला.

नोव्हेंबर १७६० पासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत, म्हणजे दोन महिन्यांहून अधिक काळ, मराठी फौज तेथे कोंडली गेली. रसद तुटली, जनावरे मेली, माणसे उपाशी राहिली. पूर्वी वाचताना हा भाग आम्ही झरझर उलटला होता. लढाई कधी येते याची घाई होती. कानांना अशी घाई करता येत नाही. जितका वेळ सांगणारा त्या तळावर थांबतो तितका वेळ आपल्यालाही थांबावे लागते. रोज संध्याकाळी तासभर याप्रमाणे कित्येक दिवस आम्ही त्या उपासमारीत बसून होतो, आणि भाऊसाहेब अखेर बाहेर पडून लढण्याचा निर्णय घेतात तेव्हा तो निर्णय अविचाराचा न वाटता सुटकेचा वाटला. हे केवळ ऐकण्याने घडले.

शिवाय, हा इतिहास आपल्याला परका नाही. दत्ताजी शिंदे बुराडी घाटावर पडले ते १० जानेवारी १७६० रोजी. जनकोजी पानिपतात गेले. महादजी पायाची जखम घेऊन वाचले. पुढे त्यांच्या वारसाने, दौलतरावांनी, १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली छावणी दिली. त्या छावणीचे नाव आजही 'लष्कर', आणि त्या नावाच्या गल्ल्यांतून आपण राहतो. कादंबरी संपल्यावर आत्यांनी विचारले, 'मग आपण हरलेल्यांचे की उरलेल्यांचे?' आम्हांस उत्तर सुचले नाही.

या चारही पुस्तकांच्या श्रवणातून एक गोष्ट घडली, ती नातीच्या संदर्भात. तिचे शिक्षण हिंदी व इंग्रजीत झाले. देवनागरी येत असल्याने तिला मराठी 'वाचता येते' अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात ती मराठी अक्षरे हिंदीच्या उच्चाराने वाचते. 'चार' आणि 'चारा' यांतला च तिला एकच. 'काळ गेला' हे तिच्या तोंडी 'काल गेला' होते, आणि अर्थाचा अनर्थ होतो. आपल्या घरांतून मराठी जाते ती लिपीवाटे नव्हे, कानांवाटे जाते, हे आम्हांस इतक्या स्पष्टपणे पूर्वी दिसले नव्हते. ध्वनिपुस्तकांनी येथे खरे काम केले. सुट्टी संपेतो तिचा ळ बऱ्यापैकी जागेवर आला होता.

त्याचबरोबर आणखी काही तिच्या बोलण्यात आले. एके दिवशी आत्या सवयीने म्हणाल्या, 'दूधवाला येऊन राहिला आहे बघ.' नात म्हणाली, 'आत्याआजी, येऊन राहिला नाही, येतो आहे म्हणायचं.' आत्या हसल्या, पण आम्हांस ते हसणे लागले. या यंत्रातील सर्व आवाज पुण्याचे आहेत. उत्तम, स्वच्छ, प्रशिक्षित, परंतु पुण्याचे. हिंदीच्या शेजाराने मऊ झालेली, दोनशे वर्षांत स्वतःची चाल घडविलेली आपली ग्वाल्हेरी मराठी त्यांत कोठेही नाही. जो आवाज नातीला मराठी शिकवितो तोच तिला आपल्या आजीची मराठी अशुद्ध ठरविण्यासही शिकवितो. हा दोष कोणा एकाचा नाही, पण त्याचा विचार आपणच करावयास हवा.

म्हणून पाचवे पुस्तक आम्ही यंत्रावर शोधले नाही. विष्णुभट गोडसे वरसईकर यांचा 'माझा प्रवास' घरच्या कपाटात होता. तो उन्हाळ्याच्या सुट्टीत नातीनेच मोठ्याने वाचावा आणि आम्ही ऐकावा, असे ठरले. शीर्षकापाशीच पहिला अडथळा आला. 'माझा'मधील झ तिने हिंदीप्रमाणे उच्चारला. आत्या म्हणाल्या, 'अगं, माझी म्हणताना तो झ, माझा म्हणताना हा झ.' तीन-चारदा घोकून घेतले आणि मगच पुस्तक पुढे गेले.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने हे पुस्तक एकदा तरी वाचावे, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. पेणजवळच्या वरसईचा एक कर्जबाजारी भिक्षुक, आपल्या काकांसह १८५७ साली उत्तरेकडे निघतो. कारण काय, तर बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत आणि तेथे दक्षिणा मिळेल. वाटेत महूच्या आसपास त्याला बंडाची कुणकूण लागते. तरीही तो परत फिरत नाही. ग्वाल्हेर, झांशी, काल्पी, चित्रकूट, काशी असा फिरत, लुटला जात, उपाशी राहत, अखेर गंगेची कावड घेऊन तो घरी परततो. बंडानंतर सुमारे पाव शतकाने, चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून त्याने हे सारे लिहिले. ते छापले गेले १९०७ साली, वैद्यांनी हात फिरवून. मूळ स्वरूपातील लेखन दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली प्रसिद्ध केले. दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहिल्यास मूळ भटजी अधिक ओबडधोबड आणि अधिक जिवंत आहेत, असे दिसेल. आम्ही मूळ प्रत वाचली.

या लेखनाचे वैशिष्ट्य असे की लेखकाला आपण इतिहास लिहितो आहोत याची जाणीव नाही. त्याला घरचे कर्ज ठाऊक आहे, दक्षिणा ठाऊक आहे, स्नानसंध्या ठाऊक आहे. जेवणात काय होते ते तो जितक्या तपशिलाने सांगतो तितक्याच तपशिलाने झांशीच्या वेढ्यात तोफेचे गोळे कसे पडत ते सांगतो. त्याच्या या समान दृष्टीमुळे एप्रिल १८५८ मधील झांशीची कत्तल अंगावर येते. विशेषणे एकही लागत नाहीत. राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची नासधूस त्याने नोंदली आहे, आणि प्रेतांच्या वर्णनाने जो स्वर बदलला नव्हता तो येथे किंचित बदलतो, असा आम्हांस भास झाला. पोथीवर जगणाऱ्या माणसाचा तो शोक आहे.

काल्पीच्या वाटेवर, एका विहिरीपाशी, पहाटेच्या सुमारास त्याची आणि पराभूत राणीची गाठ पडते तो प्रसंग नातीने वाचला ती संध्याकाळ आम्ही विसरणार नाही. राणी धुळीने माखलेली, तहानेली. भटजी पाणी काढून देऊ लागतात. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढावे हे तिला रुचत नाही, आणि ती स्वतः पाणी ओढून ओंजळीने पिते. नात येथे अडखळत, अक्षर लावत वाचीत होती. कोणताही नट तो उतारा याहून सफाईने वाचील. परंतु तिच्या अडखळण्यामुळे प्रत्येक शब्द वेगळा पडत होता, आणि ती पुढे काय आहे हे ठाऊक नसताना वाचीत होती. उतारा संपल्यावर ती थांबली. फूलबागेतील समाधीवरून ती लहानपणापासून शेकडो वेळा गेली आहे. थोड्या वेळाने आत्या एवढेच म्हणाल्या, 'वाच पुढे.'

गोडसे भटजी हे आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांचे चित्र आहे, हेही सांगितले पाहिजे. आपण स्वतःला सरदारांचे, मानकऱ्यांचे वंशज म्हणवितो. प्रत्यक्षात बहुसंख्य घरे अशाच कोणा कारकुनाची, भिक्षुकाची, शिलेदाराची. देशी पोट भरेना म्हणून उत्तरेस आलेल्यांची. भटजी परत गेले, आपले पूर्वज राहिले, इतकाच भेद. त्यांच्यापैकी किती जणांनी काय पाहिले, याची नोंद बहुधा आपल्याच ट्रंकांतून मोडी कागदांत पडून आहे आणि आपल्याला ती लागत नाही. मोडी वाचणारी पिढी गेली आणि ते कागद मुके झाले. आता बाळबोध मराठी वाचणारी पिढीही जाण्याच्या बेतात आहे. घराण्याची भाषा पुढे कोणत्या वळणाने जाईल हे सांगता येत नाही. श्योपुरास १९१७ साली जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे थोर कवी झाले आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीचे. दोघांनीही घरी ऐकलेली भाषा एकच होती. नातीने हिंदीत लिहिले तरी आमची तक्रार नाही. घरात मराठी ऐकू येत राहावी, एवढीच इच्छा आहे.

असो. या वर्षाच्या अनुभवातून आम्ही आमच्यापुरते काही ठरविले आहे. 'स्मृतिचित्रे'सारखी बोलती पुस्तके यंत्रावर खुशाल ऐकावीत. आवाज साधा असेल तो निवडावा. 'पानिपत'सारखी मोठी कादंबरी ऐकावी, पण छापील प्रत जवळ ठेवावी. जी पुस्तके आपल्या भूमीची आहेत ती मात्र घरच्या आवाजात, मोठ्याने वाचावीत. नातीने 'माझा प्रवास'च्या वाचनाचे ध्वनिमुद्रण करून ठेवले आहे, हे आम्हांस तिच्या जाण्यानंतर कळले. त्यात कुकरच्या शिट्ट्या आहेत, दूधवाल्याची हाक आहे, तिच्या चुका आहेत, आणि त्या चुका सुधारणारा आत्यांचा आवाज आहे. लष्करच्या वर्णनापाशी तर भटजी बाजूलाच राहतात आणि आत्या आपल्या लहानपणीच्या बाड्याविषयी सांगत सुटतात. सतरा मिनिटे. आम्ही ते दोनदा ऐकले.

ज्या घरांत असे कोणी वडीलधारे आज आहे त्यांनी सुट्टीतील एक संध्याकाळ यासाठी काढावी. पुस्तक कोणतेही चालेल. वाचणाऱ्याने चुकावे आणि ऐकणाऱ्याने मध्येच बोलावे, एवढी मात्र काळजी घ्यावी.